बांधकामासाठी लाकडाची ताकद कशी तपासतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना वाडा दुरुस्त करणारे, गावाकडच्या घराला कौलारू छप्पर घालणारे, वखारीतून सौदा करून आलेले आणि स्थापत्यचे विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे पान फर्निचरच्या लाकडाबद्दल नाही. खांब, तुळई, कडी, वासा, कैची असं भार घेऊन उभं राहणारं लाकूड, एवढाच इथला विषय आहे.

लाकूड सागाचं आहे म्हटल्यावर तपासायचं काय उरतं?

बरंच उरतं. साग हे झाडाचं नाव झालं. घराचा भार मात्र तुमच्यासमोर पडलेला तो एक तुकडा घेणार आहे. एकाच ओंडक्यातून चिरलेल्या दोन कड्यांची ताकदसुद्धा सारखी नसते. वाकवून तोडण्याच्या चाचणीत एका जातीचे अगदी निर्दोष नमुने घेतले, तरी त्यांचे आकडे सरासरीच्या भोवती साधारण १६ टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने पसरलेले असतात. म्हणजे सरासरी ९५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली, तर शंभरातले पाचेक नमुने ७० किंवा त्याहूनही खाली तुटतात. गाठी, भेगा, तिरके तंतू असलेल्या खऱ्या कड्यांमध्ये हा पसारा आणखी वाढतो.

शिवाय बाजारात 'साग' हा शब्द फार सैल वापरला जातो. 'आफ्रिकन साग' म्हणून विकली जाणारी लाकडं पुष्कळदा सागाच्या कुळातलीही नसतात. ती वाईटच असतील असं नाही, पण सागाचे आकडे त्यांना लावता येत नाहीत. त्यामुळे आधी जात ओळखायची. आडवा काप भिंगाखाली धरला की छिद्रांच्या मांडणीवरून अनुभवी माणूस ती सांगू शकतो.

प्रयोगशाळेत नेमकं काय मोजतात?

लाकूड सगळीकडून सारखं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. लोखंडी सळई कुठल्याही बाजूने तीच असते. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या नळ्यांची मोळी. नळ्यांच्या दिशेने ओढलं तर ते अफाट ताण सोसतं आणि आडवं ओढलं तर सहज चिरतं. निर्दोष सागाचा तुकडा तंतूंच्या दिशेने ओढून तोडायला आडव्या दिशेच्या कित्येक पट जोर लागतो. जळणाचं लाकूड उभंच का फोडतात, त्याचं उत्तर यातच आहे.

म्हणून चाचण्याही दिशेनुसार वेगळ्या असतात. सगळ्यांत महत्त्वाची वाकवण्याची. तिच्यातून दोन आकडे निघतात: तुकडा किती ताणाला तुटला तो एमओआर आणि तुटण्याआधी किती ताठ होता तो एमओई. मग तंतूंच्या दिशेने दाब, ज्यावर खांबाचं गणित चालतं. तंतूंना आडवा दाब, म्हणजे तुळई जिथे खांबावर किंवा भिंतीवर टेकते तिथे ती चेपते का ते. तंतूंच्या दिशेने कातर, म्हणजे तंतू एकमेकांवरून सरकतात का ते. आणि आडवा ताण. या शेवटच्या आकड्याकडे फार थोडे लोक बघतात, पण मी पाहिलेल्या फुटलेल्या तुळयांपैकी बऱ्याच तिथेच फुटल्या होत्या. टेकूवर पातळी जुळवायला सुतार तुळईच्या टोकाला खालून चौकोनी खाच घेतो आणि त्या खाचेच्या कोपऱ्यातून तंतूंच्या दिशेने भेग धावत सुटते. तुळई मधोमध कितीही भक्कम असो, ती टोकाला उकलते.

टणकपणाच्या चाचणीत ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा अर्धा आत जाईपर्यंत लाकडात दाबतात. असा विचित्र आकडा अशासाठी, की या गोळ्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ बरोबर १ चौरस सेंटिमीटर भरतं. ऑस्ट्रियाच्या गाब्रिएल यान्का यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. जमिनीच्या फळ्यांना तिचा उपयोग आहे, तुळईला फारसा नाही.

भारतात यासाठी कोणतं मानक वापरतात?

लहान निर्दोष नमुन्यांसाठी आयएस १७०८. याची १९८६ ची आवृत्ती १८ भागांत आहे. पूर्ण मापाच्या लाकडासाठी आयएस २४०८ आणि इमारतीच्या डिझाइनसाठी आयएस ८८३. भारतीय जातींचे मूळ आकडे मुख्यतः डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या चाचण्यांमधून आले आहेत. ही संस्था १९०६ साली सुरू झाली. तिथे सागाला १०० धरून इतर लाकडांचे गुण तुलनेने मांडण्याची पद्धत रुजली आणि आजही आपल्याकडे कुठल्याही लाकडाची ओळख 'सागाच्या मानाने' अशीच करून देतात.

वाकवण्याची चाचणी प्रत्यक्षात कशी होते?

नमुन्याची दोन मापं चालतात: ५×५×७५ सेंटिमीटर किंवा २×२×३० सेंटिमीटर. मोठ्याला ७० आणि छोट्याला २८ सेंटिमीटर अंतरावर दोन टेकू देतात आणि मधोमध भार वाढवत नेतात. नमुना सरळ तंतूंचा, गाठ नसलेला, भेग नसलेला हवा. ठेवतानाही दिशा बघावी लागते. वार्षिक वलयं एका बाजूला समांतर हवीत आणि झाडाच्या गाभ्याकडची बाजू वर, म्हणजे भाराकडे.

छोट्या नमुन्याचं गणित करून बघू. १८०० न्यूटनला, म्हणजे सुमारे १८३ किलोच्या भाराला तुकडा तुटला. सूत्र असं: ३ × भार × टेकूंमधलं अंतर, भागिले २ × रुंदी × उंचीचा वर्ग. ३ × १८०० × २८० याला २ × २० × ४०० ने भागा. उत्तर ९४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. चांगल्या वाळलेल्या सागाला शोभेल असा आकडा.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, उंची व्हर्निअरने मोजा, पट्टीने नको. २० मिलिमीटरच्या जागी १९ भरली, तर वर्गामुळे उत्तरात १० टक्क्यांचा फरक पडतो. मशीन लाखोंचं आणि माप अंदाजाने, असं करून उपयोग नाही.

आकडा मिळाला की काम संपलं का?

नाही. तुटलेले दोन तुकडे हातात घ्या. मला विचाराल तर अहवालातलं सगळ्यांत बोलकं पान हेच.

निरोगी लाकूड वाकताना आधी वरच्या, दाबाच्या बाजूला बारीक सुरकुत्या दाखवतं. त्या दिसायला लागल्या की भार वाढण्याचा वेग मंदावतो, लाकूड करकरतं आणि मग खालच्या बाजूने लांब लांब कुसळं काढत फाटतं. असं कुसळं काढून, आवाज करत तुटणारं लाकूड घरात चांगलं. ते आधी इशारा देतं.

दुसरा प्रकार तिरक्या फाटीचा. भेग खालच्या अंगाला सुरू होते आणि तंतूंच्या कलाने वर चढत जाते. याचा अर्थ नमुना सरळ दिसला तरी तंतू तिरके होते. तिसरा प्रकार आडव्या कातरीचा, ज्यात तुकडा मधल्या उंचीवर लांबीच्या दिशेने सरकून दोन फळ्यांसारखा होतो. तिथे बहुधा आधीपासून भेग असते.

आणि चौथा प्रकार बघितला की मी लगेच थांबतो. तुकडा गाजर मोडावं तसा एका झटक्यात, गुळगुळीत तोंड टाकून मोडतो. कुसळ नाही, आवाज नाही. झाडाच्या मधल्या भागातलं ठिसूळ लाकूड किंवा बुरशीची सुरुवात, अशी यामागची नेहमीची कारणं. बुरशी ताकद कशी खाते बघा: वजनात जेमतेम फरक पडतो, रंगही फारसा बदललेला नसतो, पण आघात सोसण्याची क्षमता तोवर निम्म्यावर आलेली असू शकते. आकडा कसाबसा पास झाला असला तरी असं मोडलेलं लाकूड मी तुळईला वापरू देत नाही.

नमुना ९५ ला तुटतो, मग डिझाइनमध्ये त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच ताण का धरतात?

'सरकारी आकडे उगीच भित्रे असतात' असं अनेक ठेकेदार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण प्रत्येक कपातीमागे ठोस कारण आहे. सरासरी म्हणजे निम्मे नमुने त्याखाली. खऱ्या कडीत गाठी असतात. मोठ्या मापाच्या लाकडात कुठेतरी कच्ची जागा सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त उंचीच्या तुळईला वेगळी कपात करावी लागते.

सगळ्यांत मोठं कारण वेळेचं. चाचणी काही मिनिटांत संपते, घर पन्नास-शंभर वर्षं उभं असतं. काही मिनिटं जो भार लाकूड पेलतं, त्याच्या सुमारे ६० टक्केच भार ते वर्षानुवर्षं पेलू शकतं. म्हणूनच मानक उलट्या बाजूने सूटही देतं: कायमच्या भाराला गुणक १, दोन महिन्यांच्या भाराला १.१५, सात दिवसांच्या भाराला १.२५, वारा किंवा भूकंपाला १.३३.

आयएस ८८३ मध्ये लाकडांचे तीन गट आहेत. घराच्या आतल्या, कोरड्या जागी पहिल्या प्रतीच्या लाकडाला वाकण्याचा सुरक्षित ताण अ गटात किमान १८, ब गटात १२ आणि क गटात ८.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात. साग ब गटात येतो. हे ऐकून लोक जरा हिरमुसतात.

मग सागाचं एवढं नाव कशासाठी?

टिकाऊपणासाठी आणि शहाण्या वागणुकीसाठी. साग वाळताना कमी आकसतो, कमी पिळतो, रंध्याला चांगला वागतो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली मलबारच्या सागाचं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. पण निव्वळ वजन आणि टणकपणा बघायचा तर आपला ऐन सागापेक्षा जड आणि कणखर आहे. तो वाळताना जास्त फाटतो, म्हणून त्याला सावलीत, सावकाश वाळवावं लागतं. कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांच्या तुळया आणि वासे ऐन-किंजळाचे आहेत. खिशाला परवडेना म्हणून कच्चा, कोवळा साग घेण्यापेक्षा नीट वाळलेला ऐन घ्या, हे माझं अगदी मनापासूनचं मत आहे.

ओलाव्याला एवढं महत्त्व का?

कारण ओलावा सांगितल्याशिवाय लाकडाच्या ताकदीच्या आकड्याला अर्थच नाही. नमुना वजन करून १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. उडून गेलेलं पाणी भागिले कोरडं वजन, गुणिले १००. कोरड्या वजनाने भागत असल्याने ताज्या तोडलेल्या लाकडात ओलावा १०० टक्क्यांच्या वरही येऊ शकतो. तो आकडा चुकीचा नसतो.

साधारण २५ ते ३० टक्क्यांपर्यंत लाकूड वाळलं तरी ताकदीत फरक पडत नाही, कारण तोवर फक्त नळ्यांच्या पोकळीतलं पाणी जात असतं. त्याखाली नळ्यांच्या भिंतीतलं पाणी जायला लागतं. तिथून पुढे ओलावा दर एक टक्क्याने उतरला की निर्दोष लाकडाची वाकण्यातली ताकद अंदाजे ४ टक्क्यांनी वाढते, दाबातली ५ ते ६ टक्क्यांनी, ताठपणा मात्र फक्त २ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सगळे आकडे १२ टक्के ओलाव्यावर आणून मगच तुलना करतात. एका प्रयोगशाळेचा अहवाल ओलाव्याशिवाय आलेला मी पाहिला आहे. त्यातल्या सुबक आकड्यांचं काय करायचं, हे कुणालाच सांगता आलं नाही.

आपल्याकडे हे आणखी जपायला हवं. भर पावसाळ्यात कोकणातलं उघड्या हवेतलं लाकूड १८ ते २० टक्क्यांवर स्थिरावतं, तेच विदर्भाच्या मे महिन्यात ६ टक्क्यांच्या आसपास उतरतं. चंद्रपूरकडे वाळवलेलं लाकूड रत्नागिरीत नेऊन गच्च बसवलं, तर पहिल्याच पावसात ते फुगणार.

गाठी आणि तिरक्या तंतूंमुळे किती फरक पडतो?

गाठ म्हणजे फांदीचं मूळ. गाठ स्वतः कठीण असते, अडचण तिच्याभोवती वळसा घेणाऱ्या तंतूंची. गाठ कुठे आहे यावर सगळं ठरतं. तुळईच्या मध्यावर, खालच्या कडेला असेल तर सगळ्यांत घातक. तीच वरच्या, दाबाच्या बाजूला आली तर बरीच निरुपद्रवी. म्हणून तुळई चढवण्याआधी तिच्या चारही बाजू बघा आणि चांगली बाजू खाली ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.

तिरकेपणासाठी हिशेब असा: १५ मध्ये १ (म्हणजे १५ सेंटिमीटर लांबीत तंतू १ सेंटिमीटर बाजूला सरकलेला) किंवा त्याहून सरळ तंतू असतील तर तुळईची पूर्ण ताकद धरतात, १२ मध्ये १ असेल तर ०.९ आणि १० मध्ये १ असेल तर ०.८. तिरकेपणा रंगाच्या पट्ट्यांवरून मोजू नका, ते पट्टे फसवतात. वाळताना पडलेल्या बारीक भेगा तंतूंचीच वाट धरतात. त्यांचा कोन बघा.

लहान नमुने पुरेसे आहेत की पूर्ण तुळईच तोडून बघावी?

लहान नमुना जात सांगतो, पूर्ण मापाचं लाकूड खरी परिस्थिती सांगतं. १९७० च्या दशकात कॅनडात बोर्ग मॅडसन यांनी वखारीतल्या खऱ्याखुऱ्या मापाच्या फळ्या मोठ्या संख्येने तोडून बघितल्या आणि जुने समज हलले. निर्दोष तुकडा आधी दाबात हार मानतो, गाठीचं लाकूड मात्र थेट ताणात फाटतं. निर्दोष लाकूड वाळवून चांगलंच मजबूत होतं, पण गाठींनी भरलेल्या कमजोर फळ्यांना वाळवण्याचा फायदा जवळजवळ मिळतच नाही. लहान नमुन्यांवर कितीही कपाती लावल्या तरी ही गोष्ट कळली नसती.

युरोपात आता सगळी व्यवस्था पूर्ण मापाच्या चाचणीवर उभी आहे. टेकूंमधलं अंतर उंचीच्या १८ पट, भार दोन ठिकाणी, आणि प्रत ठरवताना सरासरी न बघता खालच्या पाच टक्क्यांची सीमा बघतात. सी-२४ प्रतीतला २४ हा आकडा त्या सीमेचा आहे. आयात केलेल्या पाइनवर असा शिक्का असेल तर त्याचा अर्थ हा. आयएस ८८३ चा सुरक्षित ताण आणि हा आकडा एकाच तक्त्यात शेजारी मांडून तुलना करू नका.

लाकूड न तोडता ताकद कळते का?

ताठपणा बऱ्यापैकी कळतो. सुतार कडीवर हातोडी मारून आवाज ऐकतो, त्याचंच हे मोजमाप. एका टोकाला ठोका देऊन आवाजाची लहर दुसऱ्या टोकाला किती वेळात पोचते ते यंत्र मोजतं. घनता गुणिले वेगाचा वर्ग, एवढंच सूत्र. घनता ६५० किलो प्रति घनमीटर आणि वेग सेकंदाला ४२०० मीटर असेल, तर एमओई सुमारे ११,५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतो. भार देऊन मोजलेल्या आकड्यापेक्षा हा थोडा जास्तच भरतो. ताठपणावरून ताकदीचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही, कारण एखादी घातक गाठ लहरीला फारशी जाणवत नाही. त्यामुळे डोळ्यांनी तपासणं टाळता येत नाही.

वाड्याच्या शंभर-दीडशे वर्षांच्या तुळया पुन्हा वापरता येतील का?

बहुतेक वेळा हो, आणि शक्य असेल तिथे वापराव्यातच, असं मी आग्रहाने सांगेन. कोरडं राहिलेलं लाकूड नुसत्या वयाने कमजोर होत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लागून असलेल्या मूळ लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. तिथे भार डोंगर घेतो, कमानी नाही, हे खरं. पण लाकूड टिकलं आहे.

जुनी तुळई जाते ती पाणी, वाळवी आणि खाचांमुळे. सगळ्यांत आधी भिंतीत गेलेली टोकं बघा. मधला भाग ठणठणीत आणि भिंतीतलं वीतभर टोक भुसा झालेलं, हे चित्र फार नेहमीचं आहे. तिथे टोचणी मारून बघा, ओलावामापक लावा, शंका आली तर बारीक ड्रिलने आतला विरोध मोजणारं यंत्र आणा. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई फेकू नका. कुजका भाग कापून, उरलेल्या लांबीची तुळई लहान खणाला बसते. जुन्या तुळईच्या निरुपयोगी भागातूनच लहान नमुने काढता येतात, हा आणखी एक फायदा.

बाहेरचं पांढरं लाकूड गाभ्यापेक्षा कमजोर असतं का?

ताकदीत फरक नगण्य. टिकाऊपणात जमीन-अस्मानाचा. पांढरा भाग वाळवी आधी खाते, म्हणून टाळायचा.

लागवडीचा, भराभर वाढलेला साग चालतो का?

नुसत्या वाढीच्या वेगावरून नाही म्हणू नका. सागात रुंद वलय म्हणजे हमखास कमजोर लाकूड, असं नसतं. बघायचं ते झाडाचं वय. मधल्या गाभ्याभोवतीची पहिली काही वर्षांची वलयं कोवळ्या लाकडाची असतात. कमी वयाच्या झाडाचा घेरच लहान, त्यामुळे कडीत तो मधला भाग आणि बाहेरचा पांढरा भाग दोन्ही येतात. कडीच्या टोकाच्या कापावर झाडाचा मध्यबिंदू दिसत असेल, तर ती तुळईला घेऊ नका.

लाकूड ताकदीत बसलं, तरी छप्पर खाली का झुकतं?

कारण ताकद आणि ताठपणा या वेगळ्या गोष्टी आहेत आणि लाकडी छपरात पुष्कळदा ताठपणाच आधी कमी पडतो. कौलांसारखं ठिसूळ आच्छादन असेल तर झुकाव लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नको. ३ मीटरच्या कडीला जेमतेम ८ मिलिमीटर. त्यात लाकूड कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं सावकाश झुकत राहतं आणि ओलं असताना चढवलं तर आणखी जास्त. उपाय सोपा आहे: रुंदी वाढवण्याऐवजी उंची वाढवा. उंची दुप्पट केली की ताकद चौपट आणि ताठपणा आठपट होतो.

बांबूलाही हेच लागू होतं का?

नाही. बांबू पोकळ, पेरांचा, त्याच्या चाचण्यांसाठी आयएस ६८७४ वेगळं आहे.

प्रयोगशाळेत येताना काय आणू?

वखारवाल्याने निवडून दिलेला सुंदर तुकडा आणू नका. ढिगातून तुम्ही स्वतः, वेगवेगळ्या कड्यांमधून, वरून-खालून उचला. एका कडीतून काढलेले दहा नमुने म्हणजे दहा नमुने नव्हेत, ती एकच कडी दहादा तपासली जाते. कमीत कमी पाच-सहा वेगळ्या कड्या हव्यात. प्रत्येक तुकड्यावर खडूने न लिहिता पेन्सिलीने खोल क्रमांक घाला आणि कुठला तुकडा कुठल्या कडीचा ते वहीत टिपून ठेवा. तुकडे प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर वाटेतच ओलावा बदलतो. मापापेक्षा सेंटिमीटरभर जाडसर आणा, रंधून बरोबर मापात आम्ही आणतो. आणि ढिगाचे, टोकांच्या कापांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या, कारण मशीन चालू करण्याआधी मी तेच मागणार आहे.